गंबोला तारा सुटल्या

प्रिय आई,
तुझ्या ओडीलचा सासरहून गोड पापा.

काळजी करू नकोस, मी मजेत आहे. काल सगळ्यांसाठी खेकड्यांचा गंबो मीच रांधला. इकडे रस्सा दाट करायला भेंडी नाही, सॅसफ्रासच्या पानांची पूड घालतात, फिले. मी ती उकळत्या पातेल्यातच ओतली आणि डिंकासारख्या तारा सुटल्या! मला रडूच फुटलं.

सासूबाईंनी डाव उचलून पाहिला. "अगं बये, यानं होडीची भोकं बुजतील! वाडग्यात वाढल्यावर घालायची असते ती." आणि हसत हसत दोन वाडगे चापले.

बाबांचा खोकला थांबला का?

तू दिलेली सुकी भेंडी मी ट्रंकेत लपवली होती. आज धीर करून सासूबाईंना दाखवली. त्यांनी ती फिलेच्या बरणीशेजारी मांडली. म्हणाल्या, "रविवारी तुझ्या आईचा गंबो कर."

तुझीच,
ओडील