कुरड्यावाल्या बाईचं हसू

रविवार, संध्याकाळ

पाय ठणकताहेत, पण आधी त्या बाईबद्दल लिहिते.

नकाशा बघत महाल भागातल्या बोळांत लावलेले झेंडे शोधायची शर्यत, आणि त्यात मी! लग्नापासून नागपूर पाहिलं ते यांच्या गाडीवर मागे बसून. रस्ते कुठले? यांची कॉलर तेवढी पाठ आहे.

शेवटचा झेंडा काही सापडेना. एका बोळात एक बाई खाटेवर कुरड्या घालत होती. मी तिच्यासमोरून गेले, परत आले, पुन्हा गेले. ती नुसती हसत होती. इतका राग आला! महालात पत्ता विचारला तर माणूस हातातलं काम टाकून दारापर्यंत सोडून देतो. कुणाला विचारायचं नाही असा नियम होता, पण हिने आपणहून सांगायला काय झालं होतं?

मग नकाशा नीट फिरवून धरला. बोळ तिच्याच घरामागे वळत होता. तिथे विहीर, अन् कठड्याला झेंडा. मी शोधला! एकटीने!

परतताना विचारलंच, "तुम्हाला माहीत होतं ना?"

"हो वं. सकाळी माह्यासमोरच लावला. पण तू इतकी जीव लावून शोधून राहिली होती, मले सांगवलंच नाही."

आणि एक ओली कुरडई हातावर ठेवली. मला नाव विचारायचंही सुचलं नाही. माझं मला सापडेपर्यंत आजवर कोण थांबलं होतं?

हे घ्यायला आले. निघताना गाडी चुकीच्या बोळात घातली. मला लगेच कळलं. मागे बसून हसत राहिले, बोलले नाही.