छकुलीच्या घरचा घास

बोलोन्या, इटली
१४ ऑक्टोबर १९९६

तीर्थरूप आत्याबाईंना,
सारजाचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी सुखरूप आहे. अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर छकुलीची तब्येत सुधारते आहे. सौरभराव रोज कारखान्यात जातात. अंथुर्ण्यात बाजरीची काढणी उरकली असेल. इंदापूरच्या शाळेतली माझी रजा दिवाळीपर्यंत आहे.

निघताना तुम्ही उंबऱ्यात अडवून सांगितलंत, "पाळणा हलूस्तवर लेकीच्या घरचा घास घेऊ नगं. पोर झालं की मी सोता इमानात बसून जेवाया जाईन." मी हो म्हटलं. म्हणून आल्यापासून दोन्ही वेळा बाहेर जेवले. गल्लीच्या तोंडाशी एका म्हातारीची खानावळ आहे. तिथे अंड्यात मळलेल्या रुंद शेवया मिळतात, वर खिम्याचा रस्सा. खिमा गाईचा असतो, म्हणून मी नुसतं लोणी घालून घेते. तव्यावर भाजलेली एक पोळीही मिळते, अगदी आपल्यासारखी. आवडीने खाल्ली, मग कळलं, पिठात डुकराची चरबी असते. छकुली समोर बसून नुसतं पाणी प्यायची. म्हातारीने एकदा तिला काहीतरी विचारलं. छकुलीने मला मराठीत सांगितलं, "मुलीला स्वयंपाक येत नाही का, विचारतेय," आणि हसली. ते हसणं मला लागलं.

मग मी तोड काढली. बाजारातून मक्याचं पीठ, वांगी, कांदे आणले, मीठसुद्धा वेगळं. गॅस तेवढा तिचा. इथले लोक त्या पिठाचा घाटा करतात. भाकरी थापली की कडेने चिरते. उकड काढली तेव्हा जमली.

इथून पुढे तुम्हाला वाचून दाखवताना यांनी एकही ओळ गाळू नये, ही विनंती.

मी ताट घेऊन बसले. छकुलीने माझ्या भाकरीशेजारी तिच्या पिठल्याची वाटी ठेवली. मी ती बाजूला सारली.

ती म्हणाली, "आई, अपेंडिक्स नव्हतं. पिशवी काढलीय माझी. आता सांग, कधी जेवणार माझ्या घरी?"

आवाज चढला नव्हता. सौरभराव दारात होते, ते मागे वळले.

आत्याबाई, मी वाटी ओढून घेतली आणि पिठलं संपवलं. मीठ जास्त झालं होतं. तुमचा शब्द मी मायेने मोडला, की तिच्या नजरेला घाबरून, हे रोज स्वतःला विचारते आणि रोज तिच्या हातचं जेवते.

परत आल्यावर भावकीतल्या बायका विचारतील, लेकीच्या घरी जेवलीस का? मी हो म्हणणार आहे. मग त्या विचारतील, मुलगा की मुलगी? तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी उभ्या असाल की नाही, ते तुम्ही ठरवायचं आहे.

छकुली एकच विचारते, "आजी येईल ना जेवायला?" मी तिला अजून काही सांगितलेलं नाही.

लेकीच्या घरी जेवलेली,
तुमचीच सून,
सारजा