सीटखालचा नारळ

नागपूर, रविवार, १२ नोव्हेंबर १९७८

अचलपूर-चिखलदऱ्याच्या सहलीहून परतले. ताईचं बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून आईने चिखलदऱ्याच्या देवीसाठी ओटी दिली होती. देवळात रांग, गाईडची घाई. बसचा हॉर्न वाजला आणि मी ओटी तशीच घेऊन परत फिरले. थांबा म्हणायला काय झालं होतं मला? घाटभर नारळ सीटखाली गडगडत होता.

"भरली ना वं ओटी?" आईने दारातच विचारलं. नाही म्हणाले. तिने माझ्या हातातली ओटी काढून घेतली.

ताईने पदर पुढे केला. "मलेच भर न आई. देवी काहून रागावते?"

आईने भरली. मग ताई म्हणाली, "आता सांग, काय काय पाहिलं?"

अचलपूरच्या वेशी, गाविलगड, दऱ्या... गाईडने सगळं दाखवलं होतं. मला गडगडणारा नारळ तेवढा आठवला.