कोकिळेच्या हातातला कोयता

मेहरूण, जळगाव

प्रिय भाऊ,

धुळ्याला तुझ्या गॅरेजवर हे पत्र पोहोचेल, तेव्हा आधी हात पुसशील आणि मगच उघडशील, माहीत आहे. फोनवर तू "बठ्ठं बरं शे", सगळं ठीक, एवढंच म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसले. आमचा गेम पूर्ण झाला, भाऊ! घरातली पहिली पदवीधर पोरगी मोबाइलवरचे खेळ बनवते, हे आईला अजून कुणाला नीट सांगता येत नाही. ती म्हणते, "कंप्युटरमा गोष्टी लिखस." तेच खरं आहे.

गोष्ट कोकिळा नावाच्या पोरीची आहे. खेळणारा प्रवासाला निघतो आणि ही त्याची सोबतीण. शेजाऱ्याने तिची केळीची बाग कापून टाकली आहे आणि कोयता घेऊन ती सूड घ्यायला निघाली आहे. वाटेत हरलेल्या शत्रूंशी खेळणारा कसा वागतो, ते बघत बघत ती घडत जाते. शेवटी शेजाऱ्याच्या बागेत मात्र ती एकटीच शिरते. तिथे खेळणाऱ्याला दाबायला एकही बटण नसतं.

यावरून आमचे मालक जिनेशभाई माझ्याशी खूप भांडले. "पब्लिकला शेवटी वार पाहिजे, प्रज्ञाताई. गेम आहे हा, प्रवचन नाही!" मी म्हटलं, वारही ठेवू. निर्दयपणे खेळलात, तर ती सगळी बाग आडवी करते आणि त्या आडव्या झाडांत नुसती बसून राहते. गुण नाहीत, टाळ्या नाहीत. पण दयेने खेळलात तर जे होतं, ते मी मनाने रचलेलं नाही.

आपली निसवलेली, घडांनी लगडलेली केळीची बाग कापली गेली, ती सकाळ तुला सांगायला नको. पाण्याच्या पाळीवरून भांडलेल्या शेजारच्या प्रेमराजचंच ते काम, हे गाव जाणून होतं, पण पाहिलेलं कुणीच नव्हतं. आबांनी स्वतःच्या लेकाच्या, तुझ्या, हातात कोयता दिला. तू निघालास आणि मी तुझ्यामागे धावले. प्रेमराजच्या बागेत बांधालगतचं एक झाड घडाच्या वजनाने कललं होतं, त्याचा टेकू निसटला होता. तू कोयता उचललास आणि मी डोळे मिटले. उघडले तर तू त्याच कोयत्याने बांबूचं टोक तासत होतास. टेकू लावलास, घड हलवून पाहिलास आणि मी दिसल्यावर ओशाळून म्हणालास, "झाडनी काय चूक शे? कोनले सांगू नको."

मी सांगितलं नाही. आबा म्हणाले, "घाबरीसन परत उना." पारावरच्या लोकांनी तुला बांगड्या देऊ केल्या. तू ते सगळं ऐकून घेतलंस आणि धुळ्याला निघून गेलास. आता भरिताच्या दिवसांतही घरी येत नाहीस.

रविवारी मी गावी जाऊन आबांच्या हातात गेम दिला. जाडजूड बोटांनी चुकत, चिडत खेळले. वाटेत एक हरलेला शत्रू गुडघ्यांवर बसला, तर म्हणाले, "जाऊ दे, म्हातारा शे." मग पुढच्यालाही त्यांनी सोडलं. शेवटी कोकिळा बागेत शिरली. आबा पुढे वाकले. तिने कोयता उचलला आणि बांबू तासायला घेतला. टेकू लागल्यावरही आबा स्क्रीनकडे बघतच राहिले. मग विचारलं, "हाई पोर कोनी शे?" कुणाची ही लेक, म्हणून. भाऊ, मी पदवीचा कागद दाखवला तेव्हाही त्यांचा आवाज असा भरून आला नव्हता. तुला दिलेल्या शब्दासाठी मी तुझं नाव घेतलं नाही.

आता मला त्या शब्दातून मोकळं कर. नाहीतर येत्या रविवारी तूच ये. आई वांगी भाजणार आहे, कळण्याच्या पुऱ्या करणार आहे. आबा पुन्हा गेम मागतील आणि पुन्हा तेच विचारतील. तेव्हा तू त्यांच्या शेजारी बसलेला असावास, म्हणून हे पत्र.

तुझा अभिमान उरात बाळगणारी,
तुझीच
प्रज्ञा