बोटीत मानाची जागा मागे

मी छगन दगडू पाटील, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण सातवी (परीक्षा दिली, निकाल आणायला भीती वाटली म्हणून गेलो नाही), धंदा शेती, राहणार मौजे सावळखेडे, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार. हे मृत्युपत्र मी माझ्या हाताने लिहीत आहे. कोणी माझ्यावर जोर केलेला नाही. मी नशापाणी करत नाही. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. मन ठिकाणावर नाही, पण वकीलसाहेब म्हणाले की कायदा बुद्धी विचारतो, मन विचारत नाही. त्यांनी एक छापील मसुदा दिला होता. तो मला पुरला नाही, कारण त्यात बोटीला जागा नव्हती.

कलम १. राहते घर माझी पत्नी बेबीबाई हिला तिच्या हयातीपर्यंत, तिच्यानंतर मुलगा नवनीत याला. घराच्या गच्चीला कठडा नाही. तो मी गेल्याच्या वर्षाच्या आत बांधावा. मी जिवंत असताना हे बारा वेळा सांगितले आहे.

कलम २. नदीकाठचे केळीचे शेत नवनीतला, वरचे कापसाचे शेत मुलगी ज्योत्स्ना हिला. ज्योत्स्नाची वाटणी तिच्याच नावाने चढवावी, तिच्या सासऱ्यांच्या सांगण्यावरून दुसऱ्या कोणाच्या नावाने चढवू नये. सासरे म्हणजे माझे व्याही जगतराव, राहणार खापर. त्यांच्याविषयी पुढे येईल.

कलम ३. पतपेढीतली ठेव बेबीबाईची. तिने ती कशावरही उडवावी. वडिलांची पेरणीची पाभर विकू नये, तिला दर पोळ्याला तेल लावावे. कुत्र्याला मांडे घालू नयेत, त्याला बाधतात.

कलम ४. आता बोट.

आमच्या घरात शिरस्ता आहे की घरात येणारे कोणतेही नवे वाहन वडिलांच्या नावावर घ्यायचे. माझ्या वडिलांच्या नावावर बैलगाडी होती, ट्रॅक्टर होता. ते ट्रॅक्टरवर कधी बसले नाहीत. नवनीत सुरतेला इंजिनांच्या धंद्यात आहे. त्याने तिथल्या एका व्यापाऱ्याकडून वापरलेली वेक सर्फिंगची बोट घेतली आणि शिरस्त्याप्रमाणे माझ्या नावावर केली. लग्नात जो माणूस घाबरून घोड्यावर चढला नाही, बैलगाडीतून मांडवात गेला, आणि ज्याला पोहता येत नाही, तो अशा रीतीने बोटीचा मालक झाला. त्यामुळे तिची विल्हेवाट मलाच लावणे भाग आहे.

हे वाचणाऱ्याने ती बोट पाहिलेली नसेल तर सांगतो. खालच्या बॅरेजमुळे आमच्या शेताजवळ तापीचे पाणी तळ्यासारखे भरून राहते. तिथे नवनीतने धक्का बांधला आहे. या बोटीच्या पोटात टाक्या आहेत. त्यांत नदीचेच पाणी पंपाने भरून बोट मुद्दाम जड करतात. मग ती मागून पाण्यात बसते आणि सावकाश चालवली की तिच्यामागे एक मोठी लाट उठते, ती मोडत नाही. पोर फळीवर उभी राहते, आधी दोरी धरते, मग दोरी सोडून देते आणि नुसत्या लाटेवर बोटीमागून येत राहते. जी वस्तू तरंगावी म्हणून केली, तिच्यात आपण होऊन पाणी भरणारा माणूस माझ्या पोटी आला, याचे मला पहिल्या दिवसापासून भय आहे.

मी त्याला विचारले होते, ही बुडली तर?

"आबा, ती बुडत नही."

"कोनी सांगं?"

"कंपनीनी."

"कंपनीले पवता येस का?"

तो हसला. बेबीबाई म्हणाली, "मरन काय घरमा येत नही? खाटवर बी येस." आणि ती नऊवारीवर तरंगण्याचे जॅकेट घालून बोटीत जाऊन बसली. जॅकेट घातल्यावर आपण पोळ्याच्या बैलासारख्या दिसतो, अशी तक्रार मात्र तिने केली. तिला सुरुवातीपासून मजा वाटत आली आहे. मी काठावर उभा राहून डोकी मोजत आलो आहे. निघताना जेवढी, परत येताना तेवढी. ती भरली की मी घरी येऊन चहा पितो.

त्या बोटीत एक आसन असे आहे की तिथे बसणाऱ्याचे तोंड मागे असते. पाण्यातल्या पोरावर नजर ठेवायला तिथे एक माणूस लागतोच, कारण चालवणारा पुढे बघतो. आमच्याकडे त्या जागी कोणी बसेना. सगळ्यांना पुढे पाहायचे असते, आणि पाठ करून बसणे आमच्यात चांगले मानत नाहीत. तेव्हा जे होते तेच झाले, ती जागा सुनेला मिळाली. सून चेतना, नवनीतची बायको. डोक्यावरचा पदर एका हाताने धरून ती दोन वर्षे मागे बघत बसली.

कलम ५. आखाजीचा दिवस. हे कलम वकीलसाहेबांनी काढा म्हटले. काढत नाही.

यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ज्योत्स्ना माहेरी आली, तिच्याबरोबर व्याही जगतराव, विहीणबाई आणि व्याह्यांचे थोरले भाऊ आले. आमरस-मांडे झाले. जेवून सगळे धक्क्यावर गेले. मी नेहमीप्रमाणे काठावर थांबलो.

व्याही म्हणाले, "बोट तुम्हनी शे ना, व्याही? मंग काठवर काय उभा ऱ्हायनात? का भाडानी शे?"

मुलीच्या सासऱ्यासमोर माणूस काय बोलणार. मी चढलो.

नवनीतने त्यांना मधली आसने दाखवली. ते म्हणाले, "आम्ही काय मांगे बठाले उनूत का?" आणि ते पुढच्या नाकाकडे जाऊन बसले. विहीणबाई त्यांच्याशेजारी, थोरले भाऊ समोर, आणि घरचा मालक म्हणून मला त्यांनी हाताला धरून तिथेच बसवले. लग्नाच्या पंगतीत बसवतात तसे. चार वयस्क, जेवलेली माणसे, सगळी बोटीच्या नाकावर. नवनीतला ते पसंत नव्हते, त्याच्या तोंडावर दिसले. पण व्याह्यांना मानाच्या जागेवरून उठवायचे कसे. त्याने टाक्या भरल्या आणि निघाला.

माझी नात काजल, नवनीतची मुलगी, अकरावीत आहे, ती मागे फळीवर होती. नातू भाग्येश आणि बेबीबाई मध्ये. ज्योत्स्ना धक्क्यावरच थांबली. चेतना तिच्या जागेवर.

चेतनाला काय दिसले ते तिने मला नंतर सांगितले. लाट बसली होती. एरवी जी भिंतीसारखी उठते ती त्या दिवशी चपटी येत होती, म्हणजे बोटीचे ओझे पुढे गेले होते. ती नवनीतला दोनदा म्हणाली. पण मोठी माणसे बसलेली म्हणून हळू म्हणाली, आणि इंजिनाच्या आवाजात ते त्याला ऐकू गेले नाही. चपट्या लाटेवर काजलला उभे राहता येईना, ती पडली. नवनीत तिला घ्यायला वळला आणि वेग कमी केला. आपण केलेली लाट आपल्याच समोरून आली. नाक आधीच खाली होते. ते लाटेच्या खाली गेले.

पाणी पुढून आत आले. आवाज झाला नाही. माझ्या मांडीवर तापी बसली. व्याह्यांची टोपी तरंगत माझ्यासमोरून गेली. आम्ही चौघे चार पुतळ्यांसारखे. पाणी कमरेला लागले तरी मला वाटत होते की व्याही उठल्याशिवाय आपण कसे उठावे. हे मी खोटे लिहीत नाही. बुडताना माझ्या मनात तेवढेच होते.

तेव्हा चेतना उठली. तिचा पदर खाली पडला होता. "आबा" अशी हाक मारली असती तर पुढे तिघे आबा होते, कोण वळले असते. ती ओरडली, "छगन पाटील, ऊठा! मांगे या!"

माझ्या सुनेने माझे नाव घेतले. लग्नानंतर ते तिच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. त्या धक्क्यानेच मी उठलो. मी उठलो म्हणून व्याही उठले, ते उठले म्हणून बाकीचे. आम्ही एकमेकांवर पडत मागे आलो, नाक वर झाले, नवनीतने पंप लावला, पाणी बाहेर जाऊ लागले.

आणि एक गोष्ट मी पाहिली, ती दुसऱ्या कोणी पाहिली नाही. एवढे सगळे होत असताना चेतनाचा एक हात पाण्याकडे ताठ होता. काजल जिथे पडली होती तिकडे. आम्ही सगळे आपापला जीव बघत होतो, तिने पोरीवरची खूण सोडली नव्हती. काजल जॅकेट घालून तरंगत होती आणि आम्ही काहीतरी गंमत करतो आहोत असे समजून हसत होती.

मी नंतर चेतनाला विचारले, आधीच मोठ्याने का बोलली नाहीस. ती म्हणाली, "माले दिखनं, आबा. पन व्याहीस्ले ऊठा कसं म्हनू?"

तेव्हापासून मला जी भीती वाटते ती पाण्याची नाही. पाण्याची होतीच, ती तशीच आहे. ही वेगळी आहे. पुन्हा कोणी मानाचा पाहुणा येईल, पुन्हा पुढे बसेल, आणि जिला दिसते तिच्या तोंडावर पदर असेल. मी तर असणार नाही. डोकी कोण मोजेल?

कलम ६. व्याही जगतराव म्हणतात की चार माणसांत सुनेने सासऱ्याचे नाव घेऊन ओरडावे हा त्यांचा अपमान आहे. नाव माझे, अपमान त्यांचा. चेतनाने खापरला येऊन पाया पडावे असा निरोप आहे, आणि तोवर ज्योत्स्नाला माहेरी पाठवणार नाहीत. दिवाळीलाही पाठवले नाही. ज्योत्स्ना फोनवर रडली, पण म्हणाली, "वहिनीले धाडू नका, आबा." म्हणून लिहितो की चेतना पाया पडायला जाणार नाही, मी असताना नाही, मी नसताना नाही. व्याह्यांची टोपी आमच्या गावचे मासेमार जालमसिंग वसावे यांच्या जाळ्यात सापडली. ती धुऊन ठेवली आहे. व्याही स्वतः घ्यायला आले तर आदराने द्यावी, चहा द्यावा, आणि बोटीत न्यावे. मागे बसवावे.

कलम ७. बोट विकावी असे मी आधी लिहिले होते. तो कागद फाडला. कारण सांगतो.

पावसाळा संपल्यावर मी एकदा बोटीत बसलो, आपण होऊन. मागे, चेतनाशेजारी, तोंड मागे करून. दोन्ही हातांनी कडी धरली होती. काजलने दोरी धरली, उभी राहिली, आणि दोरी बोटीत फेकली. "आबा, दोरी सोडी तवयच खरी मजा शे," असे ती नेहमी म्हणते. गाईमागे वासरू यावे तशी ती लाट घेऊन आमच्यामागे येत होती. इतकी जवळ की तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "केयं द्या." माझ्याजवळ शेतातले केळे होते. कडी सोडल्याशिवाय ते देता येत नव्हते. मी एक हात सोडला. तिने केळे घेतले, लाटेवर उभ्या उभ्या सोलले आणि खाल्ले. मला सगळा वेळ वाटत होते की सालीवरून घसरेल. साल तिने कधीच नदीत टाकली होती. असे केळे मी जन्मात कोणाला खाऊ घातले नाही.

म्हणून बोट विकू नये. सदर बोट, तिची किल्ली, फळ्या, जॅकेटे आणि धक्का मी सून चेतना नवनीत पाटील हिच्या नावे करत आहे. शिरस्ता इथे मोडला. नवनीतने चालवावी, पण किल्ली तिच्याकडून मागून घ्यावी आणि परत द्यावी. नवनीत, तू चांगला चालवतोस. तुला कोणाला नाही म्हणता येत नाही, तो गुण माझा आहे.

अटी अशा. आधी पंखा लावून इंजिनातला पेट्रोलचा वास काढावा, मगच किल्ली फिरवावी. चालवणाऱ्याने लाल दोरी मनगटाला बांधावी, म्हणजे तो पडला तर इंजिन बंद होते. इंजिन चालू असताना मागच्या पायरीवर कोणी बसू नये, तिथे येणारा इंजिनाचा धूर नाकाला कळत नाही आणि माणूस झोपतो तो उठत नाही. पडलेल्या पोराजवळ जाऊन इंजिन बंद करावे, मगच त्याला चढू द्यावे. जालमसिंगची जाळी जिथे असतात तिथे लाट उठवू नये, त्यांनी दोनदा फाटकी जाळी मुकाट्याने शिवली आहेत. बॅरेजचे दरवाजे उघडण्याचा भोंगा ऐकला की पाण्याबाहेर. पावसाळ्यात बोट गोठ्यात.

आणि नाकावर कोणीही बसणार नाही, मग तो आमदार असो की जावई. बोटीत मानाची जागा एकच, मागे तोंड असलेली. तिथे चेतना बसेल, तिच्यानंतर काजल. तिथे बसणारीने डोक्यावर पदर घेऊ नये, वाऱ्याने तो डोळ्यांवर येतो. तिने कोणाचेही नाव घेऊन ओरडावे. माझेही. मेलेल्या माणसाचे नाव घेतल्याने काही होत नाही, आणि जिवंत माणूस उठतो हे मी पाहिले आहे.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी चेतनाने करावी.

कलम ९. माझ्या अस्थी प्रकाशा या तीर्थाच्या गावी, संगमावर, या बोटीनेच न्याव्यात. जाताना टाक्या रिकाम्या ठेवाव्यात, हळू जावे. कलश मानाने पुढे ठेवतील, तसे करू नये. तो मागे, चेतनाच्या पायाजवळ ठेवावा, आणि कोणीतरी हात लावून धरावा. येताना टाक्या भराव्यात आणि काजलला लाटेवर उतरू द्यावे. लोक बोलतील. मला ऐकू येणार नाही.

निघण्यापूर्वी धक्क्यावर डोकी मोजावीत. मोजताना मलाही धरावे. परत आल्यावर एक कमी भरेल, तेवढ्याने कोणी घाबरू नये.

हे मी दोनदा वाचून, वाचून दाखवून, खालील दोघांसमोर सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर.

सही: छगन दगडू पाटील
मुक्काम: सावळखेडे, ता. शहादा
दिनांक: १४ डिसेंबर २०२५

साक्षीदार:
१. जालमसिंग गुलाबसिंग वसावे, राहणार सावळखेडे. पोहता येते.
२. दिलवर सुकलाल चौधरी, निवृत्त शिक्षक, राहणार शहादा. पोहता येत नाही, शिकेन असे म्हणाले.