बाबांचा उजवा डोळा

९ जानेवारी
पट्टी सुटली. बाबांना दिसतं — म्हणजे डॉक्टर म्हणतात, दिसतं. दीड वर्षाचे असताना तापात दोन्ही डोळे गेले. आता साठीला उजव्या डोळ्यावर कुणा मेलेल्या माणसाचा बुबुळावरचा स्वच्छ पडदा बसवलाय.
मी समोर उभी. बाबा माझ्या खांद्यापलीकडे बघत होते. "बाबा" म्हटलं तेव्हा कुठे मान वळली.
"ते हलतंय ते तू का?"
हो म्हटलं. हलत होतं ते माझं तोंड.

१३ जानेवारी
रजा संपली, प्रयोगशाळेत हजर. माझे गुहेतले आंधळे मासे मजेत. एका दिवसाच्या गर्भात डोळस माशाचं भिंग सुईनं बसवायचं, श्वास रोखून. रुजलं तर जिथं नुसती खाच राहायची तिथं चक्क डोळा वाढतो — काळाभोर, टपोरा. पण त्यातून दिसतं का? टाकीभोवती काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं पिंप फिरवतो. डोळस मासा पट्ट्यांमागे जातो. आमचे ढिम्म.
मॅडम म्हणाल्या, "डोळा दिलास गं, पण मेंदूत त्याला जागा कोण देणार? ती खोली कधीच दुसऱ्या इंद्रियांनी बळकावली असेल."
बाबांचा विषय मी काढला नाही.

२० जानेवारी
जिन्यावर बाबा थिजले. ज्या जिन्यावरून इतकी वर्षं शीळ घालत उतरायचे, तोच! "जमिनीवर रेघा मारल्यात कुणी?" म्हणाले. पायऱ्या त्यांना पायऱ्या दिसेचनात. शेवटी डोळे मिटले आणि भराभर उतरून गेले.

२ फेब्रुवारी
आज आईचा फोटो मागितला. ऑपरेशनचं ठरलं तेव्हापासून मनात होतं त्यांच्या. आई जाऊन चार वर्षं झाली. तिला त्यांनी कधी बघितलेलं नाही.
फोटो नाकाशी धरला, लांब धरला, तिरका धरला. मग अंगठा फिरवला.
"गुळगुळीत आहे. नाक कुठंय?"
मी त्यांचं बोट धरून नाकावर टेकवलं.
"इथं तर काहीच नाही." फोटो परत दिला. पाणी मागितलं. अर्धं पिऊन झाल्यावर म्हणाले, "तुझी आई अशी नव्हती."
मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

११ फेब्रुवारी
खुर्ची परत आली. बाबांनी विणलेली वेताची खुर्ची दुकानातून परत यायची ही पहिलीच वेळ. एका कोपऱ्यात वीण चुकलीय. खोलीत डोकावले तर डोळ्यांवर रुमाल बांधून उसवत बसले होते.
"हाताला कळतं गं. डोळा मध्ये मध्ये बोलतो."

१२ फेब्रुवारी
आत्याचा फोन. "सुखाचा जीव दुःखात कशाला घातलात?" हट्ट बाबांचा होता, हे तिला माहीत आहे. मी भांडले नाही. तिचंच खरं वाटायला लागलंय.

१९ फेब्रुवारी
हल्ली मी खोलीत गेले की बाबांचे डोळे मिटलेलेच. "डोकं दुखतंय का?" "नाही." "पडदे ओढू?" "ओढ." बघायचा सराव करा म्हणणं मी सोडून दिलंय.

३ मार्च
गेले! दोनच मासे, पण पट्ट्यांमागे गेले. पिंप उलटं फिरवलं — उलटे गेले. मॅडम मट्कन खुर्चीत बसल्या. "जागा ठेवली होती गं मेंदूनं," एवढंच म्हणाल्या.
धावत घरी. बाबांना सगळं सांगितलं. ते हसले. किती दिवसांनी! "इतके दिवस काय करत होते म्हणे ते मासे?"
"काय माहीत. शिकत असतील."
"असतील," म्हणाले.
डोळा जरा लाल वाटला. चुरचुरतोय म्हणाले.

४ मार्च
डॉक्टर म्हणतात, शरीर तो पडदा नाकारतंय. तासातासाला थेंब.

२४ मार्च
थेंबांचा उपयोग झाला नाही. पडदा दुधासारखा झालाय. "पुन्हा बसवला तरी टिकेलसं वाटत नाही," डॉक्टर म्हणाले. परत येताना बाबा जिना सरसर चढले. मला आतून हायसंच वाटलं. सुटले एकदाचे.

२५ मार्च
सकाळी म्हटलं, "जाऊ दे बाबा. नाहीतरी तुम्हाला ते नकोसंच झालं होतं."
बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "नकोसं नव्हतं गं. तू ओट्याशी पाठमोरी उभी असलीस की मी बघत बसायचो. आवाज न होता, नुसतं बघून, तूच आहेस हे कळायला लागलं होतं. एकदा चेहरा जमला की सांगणार होतो."