जुन्या हौद्याची माती

मी, धोंडुबाई भ्रतार कृष्णात खराडे, वय वर्षे त्रेपन्न, राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर, स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहवून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. राग आहे, तोही ठिकाणावर आहे.

१. राहते घर व तांब्याची भांडी मुरगूडला दिलेली माझी लेक शालूबाई हिला द्यावीत. दीर पिराजी यांचा कशावरही हक्क नाही. माझ्या पाटल्या मोडून त्यांच्या पैलवान भावासाठी बदाम आणि तूप येई, तेव्हा चाखायला ते रोज हजर असत.

२. माझे यजमान पेठेतल्या तालमीचे पैलवान. सन १९३८ साली लढत करताना हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, मानेवर पडले. मी धावत गेले, तर गुंडू वस्तादांनी दारात हात आडवा घातला. "वैनी, बाईमाणसानं तालमीत पाय ठेवायचा न्हाय. माती बाटती." आत यजमान माझ्या नावाने हाका मारत होते, त्या मला ऐकू येत होत्या. त्यांना बाहेर आणले तेव्हा वाचा गेली होती. दुसऱ्या दिवशी ते वारले. हे मी माफ केलेले नाही, मेल्यावरही करणार नाही.

लिहून घेणारे वकिलांचे कारकून नृसिंहराव म्हणतात, असला मजकूर मृत्युपत्रात बसत नाही. मी म्हटले, दाबून बसवा.

३. परड्यातली बाग. चार वर्षांपूर्वी माघात तालमीने हौदा नवा केला आणि जुनी माती मागच्या ओढ्याकाठी ओतली. तेल, ताक, हळद मुरलेली तांबडी माती, तीत यजमानांचा घाम. मी ती आठ दिवस डोक्यावरून वाहिली. वस्ताद म्हणाले, "वैनी, ती पायदळी घालू नगा." ओढ्याकाठी कुत्री तिच्यावर लोळत होती, ते चालत होते! तालमीने टाकलेला मोडका मल्लखांब मी दोडक्याच्या वेलासाठी रोवला, फुटक्या कौलांनी वाफे बांधले. पहिल्या वर्षी एक बी उगवले नाही, तेल फार मुरले होते. मग शेण आणि राख मिसळत गेले. आता दोडका मल्लखांबाच्या शेंड्याला जातो.

ही बाग शालूबाईची. तिने तीत रोज चालावे.

४. गेल्या दसऱ्याला वस्ताद नारळ घेऊन आले. नवा हौदा झाल्यापासून तालमीचे एकही पोर मैदान मारत नाही. जुन्या मातीबरोबर पुण्य गेले, अशी त्यांची समजूत. "एक पाटी तरी द्या की, वैनी. हात जोडतो."

मी म्हटले, "आता ती बाईच्या पायाखालची हाय. चालंल?"

वस्ताद उठून गेले. नारळ मी ठेवून घेतला.

तरी माझ्या मागे एक पाटी माती तालमीला द्यावी, कारण यजमानांचा त्या जागेवर जीव होता. अट अशी की, ती पाटी वस्तादांच्या कुटुंबाने, बायडाबाईने, डोक्यावर घेऊन पुढच्या दाराने आत न्यावी, हौद्यात उतरून पसरावी आणि अनवाणी पायांनी तुडवावी. तोवर वस्तादांनी उंबऱ्याबाहेर उभे राहावे. अट मान्य नसल्यास माती दोडक्याला ठेवावी. त्याला विटाळ होत नाही.

वरील मजकूर वाचून दाखवला, तो ऐकून अंगठा केला.

कोल्हापूर, ता. २० फेब्रुवारी १९५६, सोमवार.

धोंडुबाई खराडे, डाव्या हाताचा अंगठा.

साक्षीदार:
१. बाळासो रामजी सासने, शिक्षक. सही.
२. बायडाबाई भ्रतार गुंडू मोरबाळे. अंगठा.

मजकूर ऐकून साक्षीदार क्र. २ म्हणाल्या, "पाटी जरा मोठी भरा." त्यांच्या आग्रहावरून नोंद केली. नृसिंह वामन जोशीराव, लेखक.